खाडीच्या तळाचा गाळ नक्की काय काम करतो?

तळागाळातला

नदी समुद्राला मिळते तिथल्या माशांबद्दल, पाखरांबद्दल, खारफुटीबद्दल पुष्कळ लिहून येतं. त्या सगळ्यांच्या खाली असतो तो गाळ. त्याचं नाव निघतं ते बहुधा उपसायची वेळ आली की. खाडीतळाचे नमुने काढून त्यातले जीव मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तरी मुद्दा मांडतो. गाळ किती आहे यापेक्षा तो कसा रचलेला आहे याला जास्त महत्त्व असतं, आणि ती रचना त्यात राहणाऱ्या जिवांनी केलेली असते. ती उपशाने एकदा मोडली की वरून तेवढाच गाळ परत आला तरी काम परत सुरू होईलच असं नाही.

आधी तो तिथेच का बसतो ते. गोड्या पाण्यात चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खारं पाणी मिसळलं की हे ढकलणं फिकं पडतं, कण चिकटतात, गुठळ्या होतात आणि जड होऊन खाली बसतात. जिवाणू आणि सूक्ष्म शेवाळं यांचा बुळबुळीत स्राव त्या गुठळ्या आणखी घट्ट धरतो. म्हणून नदीने लांबून वाहून आणलेला बराच माल नेमका मुखाशी येऊन उतरतो. शिवाय भरती समुद्राकडचा गाळ आत ढकलते ती वेगळीच. या मालात नुसती माती नसते. कुजकी पानं, फॉस्फेट, धातू, वरच्या शहरांनी सोडलेलं जे काही असेल ते, सगळं कणांना चिकटून येतं. तळाच्या जिवांना अन्न आयतं मिळतं, आणि विषही.

आता प्रत्यक्ष चिखल. पारदर्शक नळी उभी खुपसायची, वरून बूच मारायचं आणि हळूच बाहेर काढायची. वर पिवळट तपकिरी थर दिसतो, बऱ्याचदा जेमतेम काही मिलिमीटरचा. बारीक चिखलात ऑक्सिजन सहसा तेवढाच आत शिरतो. त्याखाली राखाडी, मग काळाकुट्ट आणि वास मारणारा. पण नळी उजेडाकडे धरून फिरवली की त्या काळ्या भागात, चांगलं बोटभर खोल, गंजाच्या रंगाची नारिंगी रेघ दिसते. ती पोकळ असते. कधी कधी आत पॉलिकीट नावाच्या सागरी किड्याचं टोक वळवळताना दिसतं. हे त्याचं बीळ. तो अंगाच्या हेलकाव्यांनी वरचं पाणी बिळातून खेळवत असतो आणि त्या पाण्यातल्या ऑक्सिजनने बिळाच्या भिंतीतलं लोह गंजतं. जिथे ऑक्सिजनचा मागमूस नाही अशा थरात त्याने हवा खेळती ठेवलेली असते.

त्या भिंतीशीच सगळी गंमत आहे. भिंतीलगत ऑक्सिजन असतो, तिथले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. काही मिलिमीटर पलीकडे ऑक्सिजन संपतो, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेट वापरून श्वसन करतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करतात. तो वर येऊन हवेत जातो. शेतातलं खत, शहरातलं सांडपाणी यातून आलेल्या नायट्रोजनचा एक भाग असा समुद्रात पोचण्याआधीच बाद होतो. बिळं जितकी जास्त, तितकी ही भिंत जास्त. किडे मेले की बिळं बुजतात आणि हा कारखाना मंदावतो.

कुतूहल

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणजे तो प्रदूषित आहे असंच आजवर समजत आले. तसं नाही का?

क्षार

नुसत्या वासावरून तसं म्हणता येत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. ऑक्सिजन आणि नायट्रेट संपलं की जिवाणूंची पुढची मंडळी मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांवर भागवतात, आणि तेही आटलं की सल्फेटवर. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच हा वास. तो लोहाला भेटला की लोह सल्फाइड, म्हणून काळा रंग. अगदी धडधाकट खाडीतही थोडं खाली खणलं की हा काळा थर लागतो.

काळजीची खूण वेगळी आहे. काळा थर थेट पृष्ठभागापर्यंत आला, वरचा तपकिरी थर नाहीसा झाला, की समजायचं सेंद्रिय कचरा झेपेनासा झालाय.

सल्फेटचा एक फायदाही आहे. सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवतात, म्हणून खाऱ्या गाळातून मिथेन साधारणपणे गोड्या दलदलीपेक्षा कमी सुटतो. नदीमुखात वर गोड्या पाण्याच्या बाजूला सरकत गेलात की हे गणित उलटं फिरतं.

आणि हे ठाऊक नसेल तर ऐका. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या बंदरातल्या गाळात संशोधकांना असे जिवाणू सापडले, जे हजारो पेशींची साखळी करून सेंटिमीटरभर लांब तंतू बनवतात आणि त्यातून चक्क वीज वाहून नेतात. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. तंतूचं खालचं टोक सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन काढतं, वरचं टोक ते ऑक्सिजनला देऊन टाकतं. ‘केबल जिवाणू’ म्हणतात त्यांना. मग इतर अनेक ठिकाणच्या खाऱ्या पाण्यांच्या गाळात शोधलं तर ते तिथेही निघाले. ते असतात तिथे पृष्ठभागाशी लोहाच्या ऑक्साइडचा थर जमतो आणि सल्फाइड वरच्या पाण्यात निसटायला अटकाव होतो. मी रसायनशास्त्राचा माणूस, पण हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थापा वाटल्या होत्या.

साशंक

माहिती रोचक आहे, पण दोन गोष्टी पटत नाहीत.

एक, गाळ रोज नवा येतो. भरतीला येतो, ओहोटीला जातो, पुरात तर विचारूच नका. जी जागा स्वतःच इतकी अस्थिर आहे तिथल्या जिवांना अस्थिरतेची सवय असणारच. मग उपशाचा एवढा बाऊ का?

दोन, नदीमुखाच्या तळाशी प्रजाती कमी असतात हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. जैवविविधतेच्या नावाने गळा काढायचा तर प्रवाळ काय वाईट?

तळागाळातला

साशंक, दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अडोल्फ रेमाने यांनी १९३४ मध्ये बाल्टिक समुद्राच्या अभ्यासातून दाखवलं की क्षारता हजारी साधारण ५ ते ८ असते तिथे तळाच्या प्रजाती सर्वांत कमी असतात. गोड्या पाण्यातल्यांना ते खारट, समुद्रातल्यांना अळणी. पण जे मोजके तगतात ते बेसुमार वाढतात. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात कोरोफियम नावाचा सेंटिमीटरभर लांबीचा कोळंबीचा चुलता चिखलात बिळं करून राहतो. एका चौरस मीटरमध्ये दहा-दहा हजार, काही ठिकाणी त्याच्याही कितीतरी पट. सूक्ष्मदर्शकाखालचे सूत्रकृमी तर चौरस मीटरला लाखांत मोजतात. आणि जिवाणू एका घन सेंटिमीटरमध्येच १०० कोटींच्या घरात.

प्रजातींची यादी मोठी असली तरच जागा मोलाची, हा हिशेब इथे चालत नाही. उलट काम करणारे मोजके असले की एक गेला तर त्याची जागा घ्यायला दुसरा नसतो, आणि एक नवा शिरला तर अख्खं गणित बदलतं. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं उदाहरण घ्या. १९८६ मध्ये तिथे आशियातून आलेला एक छोटा शिंपला सापडला, बहुधा जहाजांच्या तोलपाण्यातून, म्हणजे तोल राखायला जहाजात भरतात त्या पाण्यातून, आला असावा. वर्ष-दोन वर्षांत त्याने उपसागराच्या उत्तरेकडच्या भागाचा तळ व्यापला आणि पाणी इतकं गाळून काढलं की उन्हाळ्यात दरवर्षी येणारा वनस्पतिप्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांचा) बहर जवळपास थांबला. त्यावर जगणारे प्राणिप्लवकही घटले. पाण्यात काय होईल ते तळाने ठरवलं.

पहिल्या मुद्द्यासाठी उपसा करणाऱ्यांपैकी कोणी इथे असेल तर त्यांनी बोलावं, मला एकतर्फी लिहायचं नाही.

पाणकावळा

फंडीचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. तिथे उन्हाळ्याच्या शेवटी छोटे तुतवार पक्षी लाखोंनी उतरतात. दोन-तीन आठवडे हे कोरोफियम आणि चिखलावरचं इतर खाणं ओरपतात, वजन जवळपास दुप्पट करतात आणि मग अटलांटिकवरून न थांबता थेट दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा गाठतात. मूठभर पाखरू. सगळं इंधन चिखलातलं.

त्याहून भारी गोष्ट कॅनडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची, फ्रेझर नदीच्या मुखातली. पश्चिमी तुतवार चोचीने चिखल टोचतो म्हणजे किडेच शोधत असणार असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये दाखवलं गेलं की तो जिभेने चिखलावरची साय चाटतो! जिभेच्या टोकाला कुंचल्यासारखे केस असतात. त्याच्या आहारात जवळपास निम्मा वाटा या सायीचा निघाला. डायटम म्हणजे एकपेशी सूक्ष्म शेवाळं, जिवाणू आणि त्यांचा चिकट स्राव.

पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून न्यूझीलंडला एका दमात जातो हे बहुतेकांना माहीत असेल. २०२२ मध्ये त्यातलं एक पाच महिन्यांचं पिल्लू ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता उडून टास्मानियाला पोचलं. परतीच्या वाटेवर मात्र त्यांना थांबा लागतोच, आणि तो पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर. दक्षिण कोरियाने सेमांगमला ३३ किलोमीटरची भिंत घालून दोन नद्यांची मुखं बंद केली. २००६ साली भिंत जुळली. तिथे थांबणाऱ्या ग्रेट नॉट पक्ष्यांची संख्या कोसळली. ते शेजारच्या चिखलावर जातील असं सांगितलं जात होतं. शेजारच्या मोजण्यांत ते पुरेसे सापडले नाहीत.

नंतर चीनच्या बाजूचे काही पट्टे २०१९ मध्ये आणि कोरियाचे ‘गेटबोल’, म्हणजे तिथले चिखलपट्टे, २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. उशिरा का होईना.

ओहोटी

पाणकावळा, मस्त! पण एक तक्रार आहे. पाखरं उतरतात तो चिखल ओहोटीला उघडा पडतो, फोटो निघतात, वारसा यादीत जातो. कायम पाण्याखाली राहणाऱ्या तळाला वाली कोण? चपट्या माशांची पिल्लं तिथेच वाढतात, अंगावर गाळाची चादर ओढून बसतात आणि शिंपल्यांच्या बाहेर आलेल्या नळ्यांची टोकं कुरतडतात. शिंपल्याला टोक परत फुटतं, माशाला परत जेवण. उपग्रहांनाही तो तळ दिसत नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यांचा जगाचा नकाशा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, किमान १,२७,९२१ चौरस किलोमीटर भरले, आणि पुरेशी छायाचित्रं होती त्या भागांत १९८४ ते २०१६ दरम्यान सुमारे १६ टक्के घट दिसली. गढूळ पाण्याखालच्या तळाचा असा हिशेब अवकाशातून मांडताच येत नाही.

अवांतर: गाळ नोंदवहीही ठेवतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या नदीमुखांत ब्रायन अ‍ॅटवॉटर यांना काठ खणताना गाडली गेलेली दलदलीची जमीन सापडली, तिच्यावर वाळूचा पातळ थर आणि त्यावर भरतीचा चिखल. जमीन एकाएकी खचली, त्सुनामीने वाळू आणली, मग भरती चढायला लागली. १९८७ मध्ये त्यांनी हे मांडलं. पुढे जपानमधल्या जुन्या नोंदींशी ताडून भूकंपाची तारीखही लागली, २६ जानेवारी १७००.

लोखंडी नांगर

हाक मारलीत म्हणून आलो. मी उपशाच्या जहाजांवर काम केलंय, चोषण नळीवालं आणि खोऱ्याचं, दोन्ही. ‘उपसू नका’ म्हणणं सोपं आहे. बंदर आहे तर मार्गिका खोल ठेवावीच लागते, जहाजं काही चिखलातून रांगत येणार नाहीत.

पण साशंक यांना सांगतो, ‘गाळ रोज नवा येतो’ हे अर्धच खरं. नवा येतो तो पातळ, भुसभुशीत, पेजेसारखा. जुना तळ दाबून बसलेला असतो, त्यात बिळं टिकतात. आणि मार्गिका जितकी खोल करावी तितका गाळ जास्त येतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. जर्मनीतली एम्स नदी बघा. मोठी जहाजं नेता यावीत म्हणून टप्प्याटप्प्याने खोल केली. भरतीची चाल बदलली, भरती गाळ आत ओढते तेवढा ओहोटी बाहेर नेईना. आज खालच्या एम्समध्ये तळाशी पाणी आणि गाळ यांची सीमाच राहिलेली नाही, नुसती वाहती राड. उन्हाळ्यात ऑक्सिजन इतका उतरतो की मासे टिकत नाहीत. गाळ भरपूर आहे तिथे, पण अधिवास म्हणावं असं त्यात फारसं काही राहिलेलं नाही.

एका कामावर आम्ही उपसलेला माल कुठे टाकायचा यावर महिनोन्महिने खल चालला होता. शेवटी लांब समुद्रात नेऊन ओतला, कारण कागदावर तेच सोपं होतं. तोच गाळ खाडीच्या आतल्या झिजणाऱ्या पट्ट्यांना हवा होता.

साशंक

नांगरसाहेब, एम्सचं माहीत नव्हतं, शोधून वाचतो. पण मग उलटा प्रश्न. गाळ थांबवला तर काय होतं? धरणं तर सगळीकडे आहेत.

लोखंडी नांगर

नाईलचा त्रिभुज प्रदेश १९७० मध्ये आस्वानचं उंच धरण पूर्ण झाल्यापासून किनाऱ्याला आणखी झपाट्याने झिजतोय, हे जुनं उदाहरण. उलट दिशेचं एल्व्हा नदीचं, अमेरिकेतलंच. २०११ ते २०१४ मध्ये दोन धरणं पाडली, अडकलेला गाळ मोकळा झाला आणि मुखाशी नवी जमीन बघता बघता तयार झाली.

धरणाशिवायही उपासमार होते. हॉलंडच्या ऑस्टरस्खेल्ड खाडीत १९८६ ला वादळरोधक दरवाजे पूर्ण झाले. भरती आत येते, पण तिचा जोर कमी झाला. वादळं पट्ट्यांवरची वाळू खोल वाहिन्यांत लोटतात, आणि ती परत वर आणायला प्रवाहात दम उरलेला नाही. डच लोक याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. पट्टे झिजत चाललेत म्हणून आता बाहेरून वाळू आणून पसरावी लागते.

क्षार

विषाचा मुद्दा राहिला, तोही घ्यायला हवा. बोटींच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून ट्रायब्युटिलटिन असलेला रंग लावत. फ्रान्सच्या आर्काशोनच्या उपसागरात १९७०च्या दशकाच्या शेवटी कालवांची पिल्लं जगेनात, मोठ्यांची शिंपली वेडीवाकडी जाड व्हायला लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींना हा रंग लावायला बंदी घातली, जगभरची बंदी पूर्णपणे लागू व्हायला २००८ उजाडलं. पाण्यातलं प्रमाण लवकर उतरलं. गाळातलं नाही. ऑक्सिजन नसलेल्या थरात ते विघटित व्हायला वर्षंच काय, दशकं लागतात.

म्हणजे गाळ विष धरून ठेवतो ही त्याची सेवा, आणि उकरला की तेच बाहेर येतं. काळ्या थरात धातू सल्फाइडच्या रूपात बांधलेले असतात. तो थर उपसून ऑक्सिजनच्या पाण्यात मिसळला की सल्फाइड मोडतं आणि धातू सुटे होतात. म्हणून जुन्या बंदरांत कधी कधी ‘हात लावू नका, वरून स्वच्छ थर घाला’ हाच सल्ला शहाणपणाचा ठरतो. तळागाळातला यांच्या किड्यांवर माझा तेवढाच राग आहे. बिळं करून तेही खालचं वर आणतात.

तळागाळातला

क्षार, राग मान्य आहे. बिळांचे फायदे सांगताना हे कोणी सांगत नाही. पारा असलेल्या गाळात तर किड्यांनी केलेली ढवळाढवळ दुधारी ठरते, कारण त्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करणारे जिवाणू ऑक्सिजन संपतो त्या सीमेवरच कामाला लागतात.

साशंक, आता तुमचा पहिला मुद्दा. अस्थिरतेची सवय असते, पण सगळ्यांना सारखी नसते. तळ खरवडून काढला की महिन्या-दोन महिन्यांत किडे परत दिसतात हे खरं आहे. कॅपिटेला नावाचा बारीक लाल किडा अशा वेळी पहिला हजर. त्याची पिढी झटपट होते, सडक्या मातीत तो खूश असतो, आणि मोजणीत आकडा झोकात वर जातो. अहवालात लिहितात, ‘तळ पूर्ववत’. पण तो राहतो वरच्या थोड्याशा जाडीत. खोल बिळं करणारे मोठे किडे, वर्षानुवर्षं जगणारे शिंपले यांना यायला वर्षं लागतात, आणि मधल्या काळात दुसरा उपसा झाला की परत पहिला पाढा.

डायटमच्या सायीचंही असंच. ओहोटीला उजेड पडला की ते चिखलातून वर सरकतात, भरती यायच्या आत पुन्हा खाली. हे काही दशांश मिलिमीटरचं येणं-जाणं, पण त्यांच्या स्रावाने कण चिकटून राहतात आणि लाटेला तळ सहज उचलता येत नाही. सतत ढवळलेल्या गाळावर साय धरत नाही. साय नाही म्हणून गाळ उडतो, गाळ उडतो म्हणून पाणी गढूळ, गढूळ पाण्यात उजेड नाही म्हणून साय नाही. त्या चक्रातून बाहेर पडणं अवघड.

कुतूहल

मग ‘पूर्ववत’ झालं की नाही ते ओळखायचं कसं? साध्या माणसाला काही कळेल का?

तळागाळातला

ओहोटीला काठावरूनच बरंच दिसतं. तिरप्या उजेडात चिखलावर सोनेरी तपकिरी झाक आहे का, बिळांची तोंडं वेगवेगळ्या मापाची आहेत का, त्यांच्याशी शेवयांसारखी उकललेली विष्ठा पडलीय का. सगळी भोकं एकाच बारीक मापाची असतील तर वस्ती नवखी समजायची. चिखलात मात्र उतरू नका, माहीतगार सोबत असल्याशिवाय तर अजिबातच नाही. भरती पाठीमागून वाहिन्यांतून शिरते आणि पाय रुतला की ती थांबत नाही.

साशंक

आणि पाण्याखालच्या तळाचं? तुमचे नमुने तर चाळणीतून धुतलेले. त्यात रचना कुठे राहते?

तळागाळातला

नेमकं बोट ठेवलंत. आम्ही ग्रॅबने, म्हणजे जबड्यासारख्या मिटणाऱ्या खोऱ्याने, गाळ उचलतो, अर्धा किंवा एक मिलिमीटरच्या चाळणीवर धुतो, उरलेले जीव मोजतो. रचना चाळणीखाली वाहून जाते. त्यासाठी वेगळा कॅमेरा आहे, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. पाचरीच्या आकाराचा, समोर काच, आत आरसा. तो तळात खुपसतात आणि गाळाचा उभा छेद जागच्या जागी टिपतात. फोटोत तपकिरी थराची जाडी मोजता येते, बिळं किती खोल गेलीत ते दिसतं, काळा थर कुठवर चढलाय तेही. वेळखाऊ नाही, आणि जहाज तिथे आलेलंच असतं. तरी बहुतेक कामांच्या अटींत कणांचा आकार, धातू आणि जिवांची संख्या एवढंच मागितलेलं असतं, म्हणून तेवढंच दिलं जातं.

लोखंडी नांगर

आमच्या एका कामावर हा कॅमेरा होता. उपसा संपल्यावर वर्षभराने परत आणायचा असं ठरलं होतं. तोवर कंत्राट संपलेलं होतं.